आठ तासांचा हिशेब: कार्यालयातला वेळ मोजतात तरी कसा?

शुक्रवारची संध्याकाळ, निघायची घाई आणि टाइमशीट कोरी. सोमवारी सकाळी नेमकं काय केलं होतं ते काही केल्या आठवत नाही. मग कॅलेंडर उघडायचं, पाठवलेले मेल चाळायचे आणि शेवटी 'चार तास अहवाल, दोन तास बैठक, दोन तास मेल' असं ठोकून मोकळं व्हायचं. पाचही दिवस बरोबर आठ तास, आठवड्याची बेरीज बरोबर चाळीस. मी हे कित्येक वर्षं केलं आहे. त्यावर कधी कुणी आक्षेप घेतला नाही, कारण बेरीज जुळत होती.

त्या आकड्यांवरून पुढे बरंच काही ठरायचं. ग्राहकाचं बिल, पुढच्या कामाला किती माणसं लागतील याचा अंदाज, कोणत्या विभागात जागा भरायच्या, सगळं. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी पाच मिनिटांत रचलेली गोष्ट सोमवारी पुरावा म्हणून वापरली जात होती.

'कर्मचारी वेळ कसा घालवतात ते मोजायचं' असं आपण सहज म्हणतो, पण त्यात तीन वेगवेगळ्या मोजण्या असतात. माणूस कामावर किती वेळ होता, ही हजेरी. किती वेळ काहीतरी करताना दिसला, ही हालचाल. आणि तो वेळ कोणत्या कामाला गेला, ही वाटणी. तिन्हींची साधनं वेगळी आणि चुकण्याच्या तऱ्हाही वेगळ्या. घोळ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होतो: मोजायची एक आणि उत्तर काढायचं दुसरीचं.

हजेरी

ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात सोपी. आत आल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, मधली वजाबाकी. विलार्ड बंडी नावाच्या अमेरिकन जवाहिऱ्याने १८८८ साली कामगारांच्या येण्या-जाण्याची वेळ छापणारं घड्याळ तयार केलं. अशी घड्याळं बनवणाऱ्या कंपन्या पुढे एकमेकींत विलीन होत गेल्या, १९११ मध्ये त्यातून एक मोठी कंपनी उभी राहिली आणि १९२४ मध्ये तिनं आयबीएम हे नाव घेतलं. संगणकाच्या दुनियेतल्या एवढ्या मोठ्या नावाचं एक मूळ हजेरीच्या घड्याळात आहे, हे मला फार आवडतं.

आज मस्टरवर सही, कार्ड, बोटाचा ठसा किंवा संगणकावर लॉगिन, काहीही असो, तत्त्व तेच. हजेरीला आपण पहारा समजतो, पण ती कर्मचाऱ्याच्याही बाजूची असते. जास्तीचं काम केलं हे सिद्ध करायचं तर किती तास केलं याची नोंद हवी. स्पेनमधल्या एका कामगार संघटनेनं डॉइश बँकेच्या तिथल्या शाखेविरुद्ध नेमका हाच मुद्दा लढवला. १४ मे २०१९ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयानं निकाल दिला, की रोजचे कामाचे तास मोजणारी वस्तुनिष्ठ, विश्वासार्ह आणि कर्मचाऱ्याला पाहता येईल अशी व्यवस्था मालकांनी ठेवली पाहिजे. नोंद नसेल तर विश्रांतीच्या आणि कमाल तासांच्या नियमांना अर्थच उरत नाही, असा त्यामागचा विचार होता.

हजेरीवरून पगार काढता येतो, जादा तास काढता येतात, थकवणारं वेळापत्रक कुणाच्या वाट्याला येतंय तेही दिसतं. काम किती झालं ते मात्र तिच्यातून कळत नाही. उशिरापर्यंत थांबणारा माणूस कष्टाळू असेल, किंवा साहेब अजून निघाले नाहीत म्हणून बसलेला असेल. मस्टरवर दोघांची वेळ सारखीच दिसते.

हालचाल

घरून काम वाढलं तशी या मोजणीची मागणी वाढली. माणूस समोर दिसत नाही, मग संगणकाकडून विचारू, अशी त्यामागची भावना. ही सॉफ्टवेअर आतून काय करतात ते एकदा समजून घेतलं की त्यांच्याबद्दलची भीती आणि भक्ती दोन्ही उतरते.

बहुतेकांची मुळं चार-पाच गोष्टींत आहेत. दर मिनिटाला कळफलक आणि माउसची किती हालचाल झाली ते मोजायचं. पडद्यावर कोणती खिडकी पुढे आहे तिचं नाव टिपायचं. ठरावीक मिनिटं काहीच हललं नाही तर तो काळ 'निष्क्रिय' धरायचा. काही ठिकाणी अधूनमधून पडद्याचं छायाचित्र घ्यायचं. आणि कोणतं ॲप 'उत्पादक' आणि कोणतं 'अनुत्पादक' ही यादी कुणीतरी आधी भरून ठेवायची. शेवटी या सगळ्याची गोळाबेरीज होऊन टक्केवारी निघते: आज ७१ टक्के, काल ६४.

आता विचार करा, यात काय काय निसटतं. छापील करार वाचणारा, फोनवर चिडलेल्या ग्राहकाला शांत करणारा, नव्या सहकाऱ्याला काम शिकवणारा, कागदावर आकृती काढून डोकं खाजवणारा, हे सगळे 'निष्क्रिय'. याउलट एकच तक्ता वरखाली सरकवत बसलेला माणूस 'सक्रिय'. मराठीत याला पाट्या टाकणं म्हणतात, आणि हे यंत्र नेमक्या पाट्याच मोजतं. माणसं हे लवकर ओळखतात. माउस आपोआप हलवणारी छोटी उपकरणं बाजारात सर्रास मिळतात, ती काही उगाच नाहीत.

चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञानं १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाबद्दल एक निरीक्षण नोंदवलं होतं. एखादा आकडा नियंत्रणासाठी वापरायला लागलात, की तो आकडा आणि खरी परिस्थिती यांचं नातं तुटू लागतं. बँकांच्या संदर्भात केलेलं हे निरीक्षण हालचाल मोजणाऱ्या सॉफ्टवेअरला तर चपखल बसतं. माउस हलणं हे काम होत असल्याचं एक अंधुक लक्षण होतं. त्यावर शेरे मिळू लागल्यावर तेवढंही राहिलं नाही.

फ्रान्सच्या माहिती-संरक्षण आयोगानं डिसेंबर २०२४ मध्ये स्थावर मालमत्तेच्या व्यवसायातल्या एका कंपनीला ४०,००० युरो दंड केला. तिथलं सॉफ्टवेअर ३ ते १५ मिनिटं कळफलक-माउस हलला नाही तर तो काळ काम न केल्याचा धरत होतं. आयोगाचं म्हणणं असं, की बैठक किंवा फोनसारखी कामं संगणकाबाहेरही होतात, त्यामुळे ही मोजणी मुळात कामाचा वेळ मोजतच नाही. आक्षेप खासगीपणावर होताच, पण माप चुकीचं आहे यावरही होता. मला हा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. खासगीपणाचा मुद्दा निघाला की 'लपवायचं काय आहे?' असं उलट विचारता येतं. माप चुकीचं आहे, यावर तसं काही विचारता येत नाही.

मोठ्या कंपन्यांनाही यात माघार घ्यावी लागली आहे. मायक्रोसॉफ्टच्या 'प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर' या सोयीत कोणता कर्मचारी किती मेल पाठवतो, किती बैठकांना असतो ते नावानिशी पाहता येत होतं. टीका झाल्यावर १ डिसेंबर २०२० रोजी कंपनीनं जाहीर केलं, की व्यक्तींची नावं काढून टाकली जातील आणि आकडे फक्त संपूर्ण संस्थेचे दिसतील.

मग हालचालीच्या नोंदीचा उपयोगच नाही का? आहे, पण तो माणसाच्या बाबतीत नाही. कोणतं महागडं सॉफ्टवेअर विकत घेऊन पडून आहे, कोणत्या प्रणालीत लोक एकाच पडद्यावर दहा-दहा मिनिटं अडकतात, हे कळायला अशा नोंदी चांगल्या. आणि तेवढ्यासाठी कुणाचंही नाव लागत नाही.

वाटणी

खरी मेख इथे आहे. अहवाल करायला किती वेळ लागतो, तक्रारी निस्तरण्यात किती जातो, दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करण्यात किती, हे कळलं तर खूप काही सुधारता येतं. आणि हेच मोजणं सगळ्यात कठीण आहे, कारण कार्यालयातला दिवस सलग नसतो.

हेन्री मिंट्झबर्ग यांनी पाच मोठ्या अधिकाऱ्यांच्या शेजारी प्रत्येकी एक आठवडा बसून त्यांचा दिवस टिपला. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार निम्मी कामं नऊ मिनिटांच्या आत संपत होती, आणि एक तासाच्या पुढे जाणारी कामं जेमतेम दहा टक्के होती. तेव्हा टेबलावर फक्त फोन होता. ग्लोरिया मार्क या संशोधिकेनं संगणकावर काम करणाऱ्यांचं लक्ष मोजलं. २००४ च्या सुमारास माणूस एका पडद्यावर सरासरी अडीच मिनिटं टिकत होता, अलीकडच्या वर्षांत ते ४७ सेकंदांवर आलं.

अशा तुकड्यातुकड्यांच्या दिवसाचा हिशेब शुक्रवारी आठवून लिहायचा म्हणजे काय होणार? मोठी कामं आठवतात, किरकोळ विरून जातात. पाच मिनिटांचे बारा फोन म्हणजे एक तास, पण टाइमशीटवर त्यांना जागा नसते, त्यामुळे तो तास 'अहवाल' या रकान्यात जाऊन बसतो. मग अहवालाला प्रत्यक्षापेक्षा जास्त वेळ लागतो असं सिद्ध होतं, आणि फोनचा त्रास आहे हे कुणाला कळतच नाही.

याला उतारा एकच, काम बदलताना तिथल्या तिथे नोंद. वकील आणि सल्लागारांच्या धंद्यात हे जुनं आहे. तिथे तासाचे दहा भाग करतात, म्हणजे सहा मिनिटांचा एक. दोन मिनिटांचा फोन झाला तरी एक भाग लिहिला जातो. बिल त्यावरच निघतं, म्हणून ही शिस्त टिकते. जिथे बिल नाही तिथे सहा मिनिटांचा हट्ट धरला, तर नोंद ठेवणं हेच एक काम होऊन बसतं आणि लोक पुन्हा शुक्रवारवर येतात. पंधरा मिनिटं किंवा अर्धा तास हे माप साध्या कार्यालयाला पुरतं.

दुसरी अडचण कामांच्या यादीची. वरून साठ कोडची यादी येते, त्यात 'अंतर्गत समन्वय' वेगळा, 'विभागीय संवाद' वेगळा. लिहिणारा वैतागतो आणि वरून तिसरा कोड सगळ्याला लावून टाकतो. माझ्या मते दहा-बारा प्रकारांपुढे जाऊ नये, आणि नावं लोक बोलतात तीच असावीत. 'इतर' हा रकाना जरूर ठेवावा आणि त्यावर लक्ष ठेवावं. तो फुगायला लागला तर लोक आळशी झाले असं समजू नका. यादीत नसलेलं एखादं काम कुठूनतरी आलेलं असतं.

तिसरी अडचण कुणी उघड बोलत नाही. एका कामाला मंजूर झालेले तास संपतात, काम बाकी असतं. मग साहेब हळूच सांगतात, 'उरलेले दुसऱ्या कोडवर टाक.' किंवा माणूस स्वतःच संध्याकाळचे दोन तास लिहीत नाही, हळू काम करणारा ठरू नये म्हणून. दोन्हींचा परिणाम एकच: ते काम कागदावर ठरल्या वेळात झालेलं दिसतं, आणि पुढच्या वेळी तितकाच अपुरा वेळ पुन्हा मंजूर होतो. न लिहिलेले दोन तास दर वर्षी परत येतात.

तसेही आपले अंदाज कमीच पडतात. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये या खोडीकडे लक्ष वेधलं. पुढे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत होईल ते विचारलं. सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता, प्रत्यक्षात लागले सुमारे ५५. या खोडीवर औषध म्हणजे आधीच्या अशाच कामांचे खरे तास. ते टाइमशीटमध्ये असायला हवेत, पण आपण ते आधीच चोपून चापून बसवलेले असतात.

सगळं न मोजता मोजणं

आता माझ्या आवडीची पद्धत. भांड्यातला भात शिजला का ते बघायला शितं किती चाचपतो? चार-दोन. वेळेचंही तसं करता येतं.

१९३०च्या दशकात एल. एच. सी. टिपेट हे ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ कापड उद्योगात काम करत होते. यंत्रमाग किती वेळ चालतात आणि किती वेळ बंद असतात, हे त्यांना हवं होतं. प्रत्येक मागाशेजारी घड्याळ घेऊन माणूस उभा करणं परवडणारं नव्हतं. त्यांनी अधूनमधून फेरी मारून त्या क्षणी किती माग चालू, किती बंद एवढंच टिपायला सुरुवात केली. पुरेशा फेऱ्या झाल्या की बंद दिसलेल्या मागांचं प्रमाण हेच बंद राहिलेल्या वेळेचं प्रमाण. याच टिपेट यांनी १९२७ मध्ये ४१,६०० यादृच्छिक अंकांचा तक्ता प्रसिद्ध केला होता, आणि फेरीच्या वेळा अशा कोणत्याही क्रमाशिवाय निवडायच्या हेच या पद्धतीचं मर्म आहे. रोज अकराला पाहिलंत तर रोज चहाच दिसेल.

कार्यालयात फेरी मारून चालत नाही, कारण खिडकीबाहेर बघणारा विचार करतोय की नुसता बघतोय ते बाहेरून कळत नाही. म्हणून माणसालाच विचारायचं. दिवसातून काही वेळा, कधीही, फोन वाजतो आणि 'आत्ता काय चाललंय?' या प्रश्नाला आठ-दहा पर्यायांतून एक निवडायचा. पाच सेकंदांचं काम. नाव नोंदवायचं नाही, फक्त विभाग.

समजा एका विभागात आठ जण आहेत. रोज दहा वेळा विचारलं तर दिवसाला ८० उत्तरं, पाच दिवसांत ४००. त्यातल्या ९२ वेळा उत्तर आलं, 'मंजुरीची वाट पाहतोय.' ९२ भागिले ४०० म्हणजे २३ टक्के. नमुना असल्यामुळे यात थोडी चूक असणारच. संख्याशास्त्राच्या नेहमीच्या सूत्रानं ती चार टक्के-बिंदू इकडेतिकडे येते, म्हणजे खरा आकडा बहुधा १९ ते २७ च्या दरम्यान. चूक निम्म्यावर आणायची असेल तर उत्तरं चौपट लागतात, १६००. एका आठवड्यासाठी एवढा अट्टाहास सहसा नको.

हे २३ टक्के काय सांगतात ते बघा. हजेरीत हे आठही जण पूर्ण वेळ हजर होते. हालचालीच्या सॉफ्टवेअरनं वाट पाहण्याच्या त्या वेळेला 'निष्क्रिय' ठरवून त्यांनाच आळशी म्हटलं असतं, किंवा वाट पाहताना ते मेल चाळत होते म्हणून 'सक्रिय'. टाइमशीटवर तो वेळ अहवालात मिसळून गेला असता. आता कळतं, की जवळजवळ चौथा हिस्सा वेळ साहेबांच्या टेबलावर अडकलेला आहे. साहेबांनाही हे ठाऊक नव्हतं.

अशी मोजणी सुरू करताना काही गोष्टी आधीच बोलून घ्याव्या लागतात. प्रश्न कोणता आहे, आकडे कोण बघणार, किती दिवस ठेवणार आणि बढती-पगारवाढीशी त्यांचा संबंध लावणार की नाही. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर मोजणीच करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे, कारण उत्तरं त्या क्षणापासून सजवलेली येतील. मोजणी लपूनछपून तर मुळीच करू नये. कामाच्या खात्यावरचे खासगी संदेश वाचून एका कर्मचाऱ्याला काढल्याचं प्रकरण युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेलं होतं. ५ सप्टेंबर २०१७ रोजी रुमानियाविरुद्धच्या त्या खटल्यात न्यायालयानं कर्मचाऱ्याच्या बाजूनं निकाल दिला. देखरेख होणार आहे आणि ती किती खोल जाणार आहे हे त्याला आधी सांगितलं होतं का, हे देशातल्या न्यायालयांनी तपासलंच नव्हतं, हा त्यातला एक कळीचा मुद्दा होता.

परत आपल्या विभागाकडे. साहेबांनी ठरवलं, की मंजुऱ्या दिवसातून दोन ठरावीक वेळी हातावेगळ्या करायच्या आणि लहान रकमांना मंजुरीची गरजच ठेवायची नाही. महिन्याभरानं पुन्हा एक आठवडा तेच आठ जण, तीच ४०० उत्तरं. समजा आकडा २३ वरून २० वर आला. लगेच कौतुकाचा मेल पाठवायची घाई करू नये. दोन्ही आठवड्यांची चूक एकत्र धरली तर फरकातली चूक सहा टक्के-बिंदूंच्या आसपास जाते, त्यामुळे तीनचा फरक निव्वळ योगायोगही असू शकतो. आकडा १२ वर आला असता तर गोष्ट वेगळी होती. वीसच असेल तर आणखी एक आठवडा मोजायचं, आणि तोवर साहेबांच्या टेबलावरच्या कोणत्या फायली रेंगाळतात ते बघायचं.